पंधरा दिवसांचा गुरु

दान देणें सोपें. तें घेणाऱ्याच्या कितपत उपयोगीं पडलें, हें मागाहून पाहणें कठीण. अन्नदानाची परीक्षा पंगत उठतांच होते. विद्यादानाची परीक्षा मात्र गुरूनें पाठ फिरविल्यावर होते. हा विचार आज मांडण्याचें कारण असें कीं, सुशिक्षित घरांतील कांहीं तरुण-तरुणी स्वतःच्या खर्चानें परदेशीं जाऊन तेथील मुलांस कांहीं शिकवून येण्याचा संकल्प करतांना दिसतात. आफ्रिकेंतील शाळांतून क्रिकेट, म्हणजे आपल्या आजोबांच्या भाषेंतली चेंडूफळी, शिकविणें हा त्यांतलाच एक प्रकार. प्रथम ऐकणारास हंसूं येतें. पण प्रकार हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं.

या कामाचें एक ठळक उदाहरण म्हणजे इंग्लंडांत २००५ सालीं स्थापन झालेली 'क्रिकेट विदाउट बाउंड्रीज' ही संस्था. केनिया, युगांडा, रवांडा, कॅमेरून अशा देशांत तिनें स्वयंसेवकांच्या तुकड्या धाडल्या. तुकडीचा मुक्काम सुमारें दोन आठवड्यांचा. खर्चाचा भार स्वयंसेवकांनींच सोसावयाचा, किंवा देणग्या जमवून भागवावयाचा. खेळाच्या जोडीनें एच्. आय्. व्ही. व एड्स यांविषयींची माहिती मुलांच्या कानीं घालावयाची, हा संस्थेचा दुसरा हेतु. या रोगानें आफ्रिकेंत अगणित मुलें पोरकीं केलीं. वर्गांत जो विषय काढतांना शिक्षकाची जीभ अडखळते, तो मैदानावर, खेळाच्या ओघांत, मोकळेपणानें काढतां येतो.

येथें घरांतील वडील माणसें विचारतील, आणि त्यांनीं विचारलेंच पाहिजे, कीं "अरे, पंधरा दिवसांत तूं काय शिकविणार? विमानाच्या भाड्याचे पैसे तेथील एखाद्या शिक्षकासच पाठवलेस, तर तो कितीतरी अधिक दिवस शिकवील!" हा आक्षेप कंजूषपणाचा नव्हे, विवेकाचा आहे. त्याचें उत्तर ज्यास देतां येत नाहीं, त्यानें जाऊं नये हेंच बरें.

उत्तर शोधण्यासाठीं प्रत्यक्ष शिकवणें कसें चालतें तें पाहूं. वर्गांत पन्नास-साठ मुलें, फळ्या दोन, चेंडू चार. नवशिका मार्गदर्शक एका मुलाच्या हातीं फळी देतो आणि बाकीच्यांस उन्हांत रांगेनें उभें करतो. दहा मिनिटांत रांग मोडते. शहाणा मार्गदर्शक सहा-सहांचे गट पाडतो. एक गट झेल घेतो, दुसरा खालून चेंडू फेंकतो, तिसरा जाग्यावर ठेवलेला चेंडू टोलावतो. थोड्या वेळानें गट जागा बदलतात. चेंडू मऊ, फळी प्लॅस्टिकची, म्हणून लहानांस भीति नाहीं. सर्वांत कठीण पाठ गोलंदाजीचा. दगड भिरकावतांना कोपर वांकतें ही हाताची उपजत संवय. ती मोडून हात सरळ ठेवून चेंडू टाकण्यास महिने लागतात.

अर्थात् पंधरा दिवसांत मुलास क्रिकेट येणार नाहीं. परंतु गट कसे पाडावे, कोणता पाठ आधीं घ्यावा, कोपर कसें तपासावें, हें शाळेच्या शिक्षकास पंधरा दिवसांत निश्चित येईल. कारण शिकविण्याची विद्या त्याच्यापाशीं आहेच, फक्त खेळ नवा आहे. म्हणूनच स्थानिक शिक्षकांस तयार करणें, हा अशा मोहिमेचा खरा गाभा होय. पाहुणा मुलांस शिकवितो तें शिक्षकानें पाहावें यासाठीं. हा क्रम उलटला कीं मोहिमेची सहल होते.

याचें एक उत्तम उदाहरण केनियांतील लाइकिपिया भागांत दिसतें. मसाई लोकांच्या या मुलखांत २००७ च्या सुमारास आलिया बाउअर या दक्षिण आफ्रिकेच्या बाईंनीं शाळेच्या मुलांस क्रिकेट शिकविण्यास आरंभ केला. ते पाहून गांवचे तरुण योद्धेहि खेळूं लागले. तांबडीं वस्त्रें व मण्यांचे अलंकार लेऊनच ते मैदानांत उतरतात. चेंडू म्हणजे भाला आणि फळी म्हणजे ढाल, अशी त्यांनीं या खेळाची ओळख आपल्या परंपरेशीं पटवून घेतली. पुढें हेच तरुण शाळांतून शिकवूं लागले. आणि खेळाबरोबर मुलींच्या बालविवाहाविरुद्ध, तसेंच रूढीच्या नांवाखालीं त्यांच्या शरीरावर होणाऱ्या क्रूर छेदाविरुद्धहि बोलूं लागले. परदेशच्या पाहुण्यानें हें सांगितलें असतें, तर वृद्धांनीं त्यास हद्दपार केलें असतें. आपल्याकडेहि बालविवाहाचें वेड ओसरलें तें घरच्याच माणसांनीं शिव्याशाप सोसले म्हणून. बाहेरच्यानें साधन द्यावें. बोलावें मात्र घरच्यानें.

आतां रवांडाकडे वळूं. हा देश बेल्जमच्या अंमलाखालीं होता. तेथें क्रिकेटचा वारसा नव्हता. १९९४ सालीं अवघ्या शंभर दिवसांत तेथें सुमारें आठ लक्ष माणसांची कत्तल झाली. किगाली शहरांतील एका तंत्रशाळेंत सुमारें दोन हजार लोक आश्रयास आले होते. राष्ट्रसंघाचे सैनिक निघून गेले आणि त्यांतील बहुतेक मारले गेले. कत्तलीनंतर युगांडा, केनिया वगैरे देशांतून परतलेल्या निर्वासितांनीं आपल्याबरोबर क्रिकेट आणलें, आणि कित्येक वर्षें त्यांचें मैदान होतें तें त्याच शाळेच्या आवारांतलें. ज्या मातीवर असें रक्त सांडलें, तिच्यावर मुलांनीं चेंडूमागें धावावें, यांत सांत्वनाचा जो अंश आहे तो शब्दांत सांगणें अवघड.

पुढें गहांगा येथें नवें मैदान बांधण्याचें ठरलें. निधीसाठीं रवांडाच्या संघाचा कर्णधार एरिक दुसिंगिझिमाना यानें मे २०१६ मध्यें सरावाच्या जाळींत तब्बल ५१ तास फलंदाजी केली. विश्रांति तासाला पांच मिनिटांची. त्यापूर्वीचा ५० तासांचा विक्रम डिसेंबर २०१५ मध्यें आपल्या पुण्यांतच झाला होता, हें वाचकांस कौतुकाचें वाटेल. ऑक्टोबर २०१७ मध्यें मैदान खुलें झालें. तेथील इमारतीच्या तीन कमानी टप्पे खात जाणाऱ्या चेंडूसारख्या आहेत, आणि त्यांच्या फरशा तेथल्याच मातीच्या. जानेवारी २०२३ मध्यें एकोणीस वर्षांखालील मुलींच्या पहिल्या विश्वचषकांत रवांडाच्या मुलींनीं झिंबाब्वेस हरविलें, आणि मग वेस्ट इंडीजला ७० धावांत गुंडाळून तोहि सामना जिंकला.

याच्या उलट केनियाची कथा. २९ फेब्रुवारी १९९६ रोजीं पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर केनियानें वेस्ट इंडीजचा डाव ९३ धावांत संपवला. तो दिवस पुणेकर विसरले नसतील. २००३ सालीं मुंबईचे संदीप पाटील यांच्या मार्गदर्शनाखालीं केनियाचा संघ विश्वचषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत पोंचला. परंतु २०११ च्या विश्वचषकांत त्यास एकहि विजय मिळाला नाहीं, आणि २०१४ सालीं एकदिवसीय सामन्यांचा दर्जाहि गेला. कारभाऱ्यांचे तंटे व पैशाची तंगी हीं कारणें होतींच. पण त्याहून मोठें कारण, माझ्या मतें, हें कीं मागून येणारी पिढी पुरेशी तयार झाली नव्हती. शेंड्यास फळें लागलीं. मुळांस पाणी पोंचलें नाहीं.

तेव्हां घरांतील मुलानें किंवा मुलीनें असा बेत काढला, तर एकदम नकार देऊं नये आणि एकदम हारहि घालूं नये. तीन प्रश्न विचारावे. ज्या शाळेंत जाणार, तिनें तुम्हांस बोलावलें आहे काय? तुमच्या हाताखालीं तेथला कोणता शिक्षक तयार होणार? आणि तुम्ही परतल्यावर सहा महिन्यांनीं तेथें खेळ चालूं राहील, याची तजवीज काय? लहान मुलांचीं छायाचित्रें काढून आपली कीर्ति मिरवूं नये, आणि पुन्हां येण्याचें वचन पाळतां येत नसेल तर देऊं नये, हेंहि बजावावें. आईबाप गमावलेल्या मुलास मोडलेलें वचन फार लागतें.

शिष्याकडून आपला पराभव व्हावा अशी इच्छा गुरूनें धरावी, असें आपले पूर्वज मानीत. पंधरा दिवसांच्या गुरूस तर त्याहून थोडें अधिक साधावयाचें असतें: आपण कोण होतों, हें मुलें विसरलीं तरी चालेल, पण शुक्रवारच्या शेवटच्या तासाला त्यांच्याच गुरुजींनीं चेंडू आणि फळी घेऊन त्यांस मैदानावर न्यावें.