निलंबन ही शिक्षा आहे का? शिस्तभंगाच्या कारवाईवर संशोधन करताना

कामाच्या ठिकाणची शिस्त हा विषय घेऊन पीएचडीला बसणाऱ्यांच्या आराखड्यात एक तक्ता हमखास असतो. ताकीद, दंड, पगारवाढ रोखणं, पदावनती, बडतर्फी, म्हणजे हलक्या शिक्षेपासून जड शिक्षेपर्यंत. माझ्याही पहिल्या आराखड्यात तो होता. गाइड मॅडमनी तो पाहिला आणि विचारलं, "यात निलंबन कुठे आहे?" मी पटकन म्हणालो, "मॅडम, चौकशी चालू असतानाचं निलंबन ही शिक्षा नाही." त्या म्हणाल्या, "कायद्यात नाही, बरोबर. पण ज्याला घरी बसवलंय त्याला विचारलंस का?"

आजचा लेख याच प्रश्नावर आहे.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू

निलंबन दोन प्रकारचं असतं. एक शिक्षा म्हणून. केंद्राच्या आदर्श स्थायी आदेशांनुसार गैरवर्तन सिद्ध झाल्यावर कामगाराला एका वेळी जास्तीत जास्त 4 दिवस निलंबित करता येतं. दुसरं, चौकशी पूर्ण होईपर्यंतचं निलंबन. इथे दोष अजून ठरलेला नसतो. साक्षी-पुराव्यात ढवळाढवळ होऊ नये, एवढाच त्याचा हेतू मानला जातो. नोकरी कायम असते, पण काम नसतं आणि पूर्ण पगारही नसतो.

पगाराऐवजी मिळतो तो निर्वाह भत्ता. 1946 च्या स्थायी आदेश कायद्यात 1982 च्या दुरुस्तीने कलम 10-अ आलं. त्यानुसार पहिले 90 दिवस वेतनाच्या 50 टक्के आणि त्यानंतर, उशीर कामगाराच्या वागण्यामुळे झालेला नसेल तर, 75 टक्के. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही हेच दर आहेत. मात्र तिथलं स्थायी आदेशांचं प्रकरण 300 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे.

कागदावर व्यवस्था ठीक दिसते. मग अडतं कुठे?

चौकशीला जायचं कशाने?

त्यासाठी एम. पॉल अँथनी विरुद्ध भारत गोल्ड माइन्स हा सर्वोच्च न्यायालयाचा 1999 चा निकाल वाचा. हे कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुरक्षा अधिकारी होते. जून 1985 मध्ये त्यांच्या घरावर पोलिसांचा छापा पडला. सोनं आणि सोनंमिश्रित वाळू सापडल्याचा आरोप झाला, लगेच निलंबन आणि आरोपपत्रही. फौजदारी खटला संपेपर्यंत खात्याची चौकशी थांबवा, ही त्यांची विनंती नाकारली गेली. निर्वाह भत्ता मिळत नव्हता, तब्येतही बरी नव्हती, आणि ते केरळमधल्या आपल्या घरी गेलेले होते. चौकशी कोलारला. ते हजर राहू शकले नाहीत, चौकशी एकतर्फी झाली आणि जून 1986 मध्ये ते बडतर्फ झाले. फेब्रुवारी 1987 मध्ये फौजदारी न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. कामावर परत घेण्याचा आणि थकीत पगार देण्याचा अंतिम आदेश यायला मात्र 1999 उजाडलं.

आता हीच केस माझ्या जुन्या तक्त्यात भरून बघा. नोंद एकच होईल: "बडतर्फी, 1986." पण निकाल खरं तर कुठे लागला होता? भत्ता थांबला तिथेच. बचावाची संधी कागदावर होती, पण ती वापरायला जे भाडं लागतं ते खिशात नव्हतं.

दुसरं उदाहरण महाराष्ट्रातलं. इथल्या सेवा नियमांत एक तरतूद होती. निलंबित सरकारी कर्मचाऱ्याला खालच्या न्यायालयाने दोषी ठरवलं आणि त्याचं अपील चालू असलं, तर त्याचा निर्वाह भत्ता महिन्याला 1 रुपया! सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये चंद्रभान प्रकरणात ही तरतूद घटनाबाह्य ठरवून रद्द केली. 1 रुपयात निर्वाह होत नाही, हे सांगायला घटनेचा आधार घ्यावा लागला.

पण घाईने निष्कर्ष काढू नका

"भत्ता दिला नाही, म्हणजे चौकशी आपोआप रद्द" असं प्रबंधात लिहिलंत तर परीक्षक लगेच पकडतील. 2003 च्या इंद्र भानू गौर प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केलं की भत्ता न मिळाल्यामुळे बचावाचं नुकसान झालं, हे कर्मचाऱ्याने दाखवावं लागतं. म्हणजे "भत्ता मिळाला नाही" आणि "त्यामुळे चौकशीला जाता आलं नाही" ही दोन वेगळी विधानं आहेत. दोन्हींना वेगळा पुरावा लागतो. न्यायालयाला लागतो, तसाच संशोधकालाही.

मग आराखड्यात काय बदलायचं?

मी तीन गोष्टी बदलल्या.

एक, प्रत्येक प्रकरणाची तारीखवार यादी केली: निलंबन, आरोपपत्र, भत्त्याचा पहिला हप्ता, चौकशीची पहिली तारीख, अंतिम आदेश. शिक्षेच्या नावापेक्षा या तारखांमधलं अंतर जास्त बोलतं.

दोन, मुलाखतीत "तुम्हाला काय शिक्षा झाली?" हा प्रश्न काढला. त्याऐवजी विचारतो, "सस्पेंड होतात तेव्हा घर कसं चाललं? चौकशीला कसे जायचात?" पहिल्या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर येतं. दुसऱ्याला उसनवारी, गहाण ठेवलेले दागिने, शेजाऱ्यांपासून लपवणं, सगळं येतं.

तीन, निकालांवरून सरसकट अनुमान काढणं थांबवलं. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात दिसतात ती माणसं तिथपर्यंत पोहोचलेली असतात. ज्याने भत्त्याअभावी मध्येच राजीनामा लिहून दिला, तो कुठल्याच निकालात नाही. कंपनीच्या दप्तरात त्याची नोंद "स्वेच्छेने नोकरी सोडली" अशीच असणार. म्हणून निकालांच्या जोडीला युनियनच्या कार्यालयातली कागदपत्रं आणि प्रत्यक्ष मुलाखती लागतातच.

तो तक्ता अजून माझ्या प्रबंधात आहे. फक्त बडतर्फीच्या वर, निलंबनाच्या रकान्यात, आता दिवस आणि रुपये लिहिलेले असतात. तुमच्या आराखड्यात असा तक्ता असेल तर सादर करण्याआधी एकदा तपासा: त्यात शेवटचा आदेशच आहे, की त्याआधीचे दिवसही आहेत?