वाळवंटात थांबलेली अठ्ठावीस विमाने

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात टूसान शहराला लागून डेव्हिस-मॉन्थन हा हवाई दलाचा तळ आहे. तिथली हवा इतकी कोरडी की लोखंडाला सहसा गंज चढत नाही आणि जमीन इतकी टणक की विमान उभे करायला फरसबंदीही लागत नाही. म्हणून अमेरिकेने आपली निवृत्त विमाने ठेवण्यासाठी ही जागा निवडली. युद्धांतून परतलेली, वापरून थकलेली हजारो विमाने तिथे रांगेने उभी असतात. १९९० नंतर या म्हाताऱ्यांच्या गर्दीत २८ विमाने मात्र अगदी कोरी होती. ती एफ-१६ जातीची लढाऊ विमाने पाकिस्तानसाठी बांधली होती, त्यांचे पैसेही पाकिस्तानने भरले होते. पण कारखान्यातून निघून ती थेट या वाळवंटात आली.

शेजाऱ्याची फजिती ऐकून आपल्याला जरा बरे वाटते, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. पण ही कथा नुसती हसून सोडून देण्याजोगी नाही. थोरामोठ्यांची मदत म्हणजे काय चीज असते, हे इतके स्वच्छ दाखवणारे उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

सुरुवात १९७९ ची. त्या वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेने पाकिस्तानची मदत थांबवली होती. कारण, काहुट्याला युरेनियम समृद्ध करण्याचा उद्योग चालला आहे हे वॉशिंग्टनला कळले होते. डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि हवा पालटली. अध्यक्ष कार्टर यांनी ४० कोटी डॉलर देऊ केले. जनरल झिया यांनी ते ‘शेंगदाणे’ म्हणून झिडकारले. कार्टर स्वतः भुईमुगाचे शेतकरी, तेव्हा टोमणा कुठे लागला असेल ते सांगायला नको. झियांनी वाट पाहिली. १९८१ मध्ये रेगन आले आणि सहा वर्षांसाठी ३२० कोटी डॉलरची मदत कबूल झाली. शिवाय ४० एफ-१६ विमाने विकायचे ठरले. १९८३ च्या आरंभी पहिली विमाने सरगोध्याला उतरली.

काहुट्याचे काय? काहुटा जिथे होता तिथेच होता. फक्त त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते.

अगदीच पाहत नव्हते असे नाही. अमेरिकी काँग्रेसमध्ये कुरकुर होती. म्हणून १९८५ मध्ये सिनेटर लॅरी प्रेसलर यांच्या नावाची दुरुस्ती मंजूर झाली. पाकिस्तानजवळ अणुबाँब नाही असे प्रमाणपत्र अध्यक्षांनी दरवर्षी द्यावे, तरच मदत मिळेल, अशी तिची अट. गंमत अशी की त्या वेळी पाकिस्तानच्या हितचिंतकांनीच ही दुरुस्ती उचलून धरली होती. दुसरा मसुदा याहून कडक होता. त्यापेक्षा ही बरी, वर्षाला एक सही तर हवी! आणि ती सही होत राहिली. रेगन यांनी केली, १९८९ मध्ये थोरल्या बुश यांनीही केली.

फेब्रुवारी १९८९ मध्ये शेवटचा सोव्हिएत सैनिक अफगाणिस्तानातून परत गेला. ऑक्टोबर १९९० मध्ये सही झाली नाही. पाकिस्तानचा कार्यक्रम काही एका वर्षात उगवलेला नव्हता. पण आता तो दिसू लागला, कारण न पाहण्याची गरज संपली होती. गरज सरो, वैद्य मरो!

कायद्याचा दरवाजा बंद झाला तेव्हा नव्या मागणीतली ही विमाने तयार होत होती. आता खरी मौज पाहा. बंदी आल्यावरही पाकिस्तान १९९३ पर्यंत हप्ते भरत राहिला. करार आपण मोडला असे होऊ नये आणि कधी तरी विमाने सुटतील ही आशा. एकूण ६५ कोटी ८० लाख डॉलर गेले. हा पैसा देणगीचा नव्हता, त्या देशाच्या तिजोरीतला होता. वर विमाने सांभाळण्याचा खर्चही पाकिस्तानकडेच मागितला गेला. आपल्याकडे गाडी विकत घेऊन ती विकणाऱ्याच्याच अंगणात ठेवायची आणि भाडेही आपणच द्यायचे, असा व्यवहार कोणी केला तर घरचे लोक त्याला वैद्याकडे नेतील.

इस्लामाबादच्या जाणत्यांना हे नवे नव्हते, किंवा नसायला हवे होते. १९५४ च्या करारानंतर त्यांच्या सैन्याची सारी मांडणी अमेरिकी शस्त्रांवर झाली. त्या बदल्यात पेशावरजवळचा तळ त्यांनी वापरायला दिला. १ मे १९६० रोजी रशियाने पाडलेले यू-२ हेरविमान तिथूनच उडाले होते. १९६५ चे युद्ध पेटताच अमेरिकेने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा तोडला. निष्पक्षपातीपणाच तो, पण त्याची झळ पाकिस्तानला जास्त, कारण आपली शस्त्रे चार ठिकाणची आणि त्यांची एकाच दुकानातली. त्या युद्धात हाती लागलेला पॅटन रणगाडा अहिल्यानगरच्या (तेव्हाच्या अहमदनगरच्या) रणगाडा संग्रहालयात मुलांना दाखवता येतो.

आपणही फार शहाणपणा मिरवू नये. १९६६ मध्ये अध्यक्ष जॉन्सन गव्हाची जहाजे महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडत होते आणि व्हिएतनामबद्दल दिल्ली काय बोलते इकडे त्यांचा कान होता. रेशनच्या दुकानातला लाल मिलो ज्यांनी खाल्ला, त्यांना त्याची चव अजून आठवत असेल.

१९९५ च्या एप्रिलमध्ये बेनझीर भुत्तो वॉशिंग्टनला गेल्या. माल आणि पैसा दोन्ही आपणच ठेवणे बरोबर नाही, असे क्लिंटन यांनी जाहीरपणे मान्य केले. त्यानंतर थोडे अन्य लष्करी सामान सुटले, विमाने नाहीत.

मग आला मे १९९८. पोखरणच्या स्फोटांनंतर पाकिस्तानने उत्तर देऊ नये म्हणून क्लिंटन यांनी नवाझ शरीफ यांना पुन्हा पुन्हा फोन केले. त्यांचे उपपरराष्ट्रमंत्री स्ट्रोब टालबट जनरल झिनी यांना घेऊन इस्लामाबादला धावले. त्यांच्या पोतडीत काय होते? तीच एफ-१६. बाँब आहे म्हणून अडवलेली विमाने आता बाँब फोडू नये म्हणून देऊ केली जात होती. आठ वर्षांत विमानांचा चाबूकही झाला आणि गाजरही. पण ज्याने एकदा शब्द मोडला त्याच्या दुसऱ्या शब्दाची किंमत काय? २८ मे रोजी चगाईचा डोंगर हादरला. दुबळ्यावर दाब टाकून सगळेच साधते असे नाही. विशेषतः दाब टाकायचे साधन आधीच वापरून बोथट झालेले असले तर.

डिसेंबर १९९८ मध्ये शेवटी हिशेब मिटला. काही रक्कम आधी परत झाली होती. उरलेल्यापोटी ३२ कोटी ४६ लाख डॉलर रोख आणि १४ कोटी डॉलरचा माल ठरला. त्या मालात गहू होता. विमाने मागितली, गहू मिळाला! न्यूझीलंडने ती विमाने भाड्याने घेण्याचा करार १९९९ मध्ये केला, पण पुढच्याच वर्षी तिथे आलेल्या नव्या सरकारने तो मोडला. अखेर अमेरिकेच्या नौदलाने आणि हवाई दलाने ती आपापसात वाटून घेतली. नौदलाच्या वाट्याची विमाने सरावात शत्रूची भूमिका करू लागली.

तोवर सप्टेंबर २००१ उजाडला होता आणि अफगाणिस्तान पुन्हा महत्त्वाचे झाले होते. मार्च २००५ मध्ये धाकट्या बुश यांनी विक्रीची बंदी उठवली. त्यानंतरच्या काही वर्षांत त्या जुन्या २८ मधलीच काही विमाने पाकिस्तानला पोचली, पंधरा वर्षे उशिरा आणि वापरलेली. नवीही आली, पण ती कुठे ठेवायची, जवळ कोण जाईल, यावर अमेरिकी देखरेखीच्या अटी होत्या. जानेवारी २०१८ मध्ये ट्रम्प यांनी लष्करी मदत पुन्हा थांबवली. सप्टेंबर २०२२ मध्ये बायडेन सरकारने याच विमानांच्या देखभालीसाठी ४५ कोटी डॉलरच्या सुट्या भागांना व सेवांना मंजुरी दिली. दिल्लीने नाराजी नोंदवली. मात्र ही मंजुरीसुद्धा फुकटची नव्हती, विक्रीची होती. त्या सुट्या भागांचे बिल इस्लामाबादच्याच नावावर निघायचे होते.