दुकान खाली करा म्हणतात? आधी बघा, तुम्ही भाडेकरू आहात की लायसन्सी



परवा बॅचमध्ये जेवणाच्या सुट्टीत एक ताई फाईल घेऊन आल्या. बुटीक आहे त्यांचं. कपाटं, ट्रायल रूम, लाइटिंग धरून साडेतीन लाख घातलेत. मालक म्हणतोय, "मॅडम, नवीन कायदा आलाय, दोन महिन्यांत जागा सोडा. नाहीतर चौपट भाडं लागेल." ताईंना रात्रभर झोप नाही.

मी विचारलं, करार कुठाय? फाईलमधून ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स निघाला. दोनदा रिन्यू झालेला, तिसऱ्यांदा तोंडी. "आपलं काय, घरच्यासारखं" असं मालक म्हणाला, म्हणून राहून गेलं.

आधी त्या "नवीन कायद्या"चं बघू. केंद्राने जून २०२१ मध्ये मॉडेल टेनन्सी अॅक्टला मंजुरी दिली. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर पहिले दोन महिने दुप्पट आणि नंतर चौपट भाडं, हे त्यात आहे. घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचं आणि दुकानासाठी सहा महिन्यांचं डिपॉझिट, हेही त्यातलंच. पण नावातच मॉडेल आहे. हा नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच तिथे लागू होतो. महाराष्ट्रात आपल्याला बघायचा तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. तो ३१ मार्च २०००पासून लागू आहे. म्हणजे मालकाने व्हॉट्सअॅपवर वाचलेलं ताईंना लागू नव्हतं.

ताईंचा जीव भांड्यात पडला. पण मला बोलणं पुढे न्यावंच लागलं, कारण खरा धोका त्या कराराच्या नावात होता.

१९९९चा कायदा भाडेकरूला चांगलं संरक्षण देतो. आधीच्या १९४७च्या मुंबई भाडे कायद्यात सहा महिन्यांची थकबाकी झाली, नोटीस आली आणि महिन्याभरात पैसे भरले नाहीत, की जागा गेलीच म्हणून समजा. नव्या कायद्यात नोटिशीनंतर ९० दिवस उलटल्याशिवाय मालकाला थकबाकीचा दावाच लावता येत नाही. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकलेलं भाडं, वर्षाला १५ टक्के साधं व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, आणि पुढे भाडं नियमित भरत राहिलात, तर थकबाकीच्या कारणावर जागा जात नाही. म्हणून एक सवय लावा. मालक मुद्दाम भाडं घेत नसेल तर गप्प बसू नका. बँकेतून पाठवा किंवा चेक रजिस्टर पोस्टाने पाठवा. परत आला तर पाकीट न फोडता ठेवून द्या. ते पाकीटच तुमचा पुरावा.

थकबाकी सोडून बाकीची कारणं कलम १६ मध्ये आहेत. त्यात आपले लोक कुठे अडकतात? एक म्हणजे पोटभाडेकरू. दुकानातला एक कोपरा मोबाईल रिपेअरवाल्याला दिला, तो महिन्याला चार पैसे देतो, आपल्याला वाटतं जोडधंदा झाला. मालकाच्या वकिलाला मात्र आयतं कारण मिळतं. दुसरं, दुकान बंद ठेवणं. योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने, अगदी दावा लागेपर्यंत, जागा ज्यासाठी घेतली त्यासाठी वापरली नाही तर तेही कारण होतं. नवीन दुकान घेतलं आणि जुन्याला कुलूप लावलं, असं करणारे बरेच आहेत. तिसरं, लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम. इथे कायदा समंजस आहे बरं का. लाकडी पार्टिशन, फॉल्स सीलिंग, एसी, एक्झॉस्ट याला पक्कं बांधकाम म्हणत नाहीत. सिमेंटचा पोटमाळा टाकलात तर मात्र अवघड आहे.

आणि मालकाला स्वतःला जागा हवी असेल तर? गरज खरी आहे हे त्याला सिद्ध करावं लागतं, आणि कोर्ट दोघांची अडचण तोलतं. जागेचा काही भागच मालकाला द्यायचा, असाही निकाल होऊ शकतो. तुम्ही त्या भागात दुसरी जागा शोधलीत आणि मिळाली नाही, याचे कागद तेव्हा कामी येतात.

पण हे सगळं भाडेकरूसाठी. लिव्ह अँड लायसन्सवाला हा भाडेकरू नव्हे, त्याला फक्त ठरलेल्या मुदतीपुरती जागा वापरायची परवानगी असते. १९७३ मध्ये कायदा बदलून त्या १ फेब्रुवारीला जागेत असलेल्या लायसन्सींना भाडेकरू मानलं गेलं. मालक लोक तेव्हापासून जे धास्तावले ते आजतागायत. मुदत संपली की तुमचा हक्क संपला. घराच्या लायसन्सला तर सक्षम प्राधिकाऱ्याकडून झटपट ताबा मिळवायची सोय कलम २४ मध्ये आहे, वर दुप्पट नुकसानभरपाई. दुकानाला ती झटपट वाट नाही, मालकाला कोर्टातच जावं लागतं. तो रात्री येऊन कुलूप लावू शकत नाही. पण म्हणून जागा तुमचीच राहील असं समजू नका. कोर्टात वेळ जातो, त्यात धंदाही जातो.

"११ महिन्यांचा करार रजिस्टर करावा लागत नाही" हेही डोक्यातून काढा. महाराष्ट्रात कलम ५५ प्रमाणे करार किती का महिन्यांचा असेना, लेखी आणि रजिस्टर हवाच, आणि ती जबाबदारी मालकाची. नाही केला तर अटींबद्दल तुमचं म्हणणं खरं धरलं जातं, उलटं सिद्ध होईपर्यंत. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडही होऊ शकतो. लायसन्सला स्टॅम्प ड्युटी फक्त ०.२५ टक्के आहे, ६० महिन्यांपर्यंत करता येतो. मग साडेतीन लाखांचं फर्निचर करणाऱ्याने ११ महिन्यांवर सही का करावी? जेवढ्या महिन्यांत फर्निचरचा पैसा वसूल होईल तेवढी मुदत मागा. लॉक-इन लिहिताना तो मालकालाही बांधतो का, ते वाचा. पुष्कळ छापील करारांत तो फक्त तुम्हालाच बांधतो.

मोठं होत असलेल्यांसाठी आणखी एक. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं पेड-अप कॅपिटल एक कोटी किंवा जास्त झालं की हा कायदा तिला लागूच होत नाही. मग करारात वेगळं काही नसेल तर दुकानाच्या महिन्याच्या भाडेपट्ट्याला १५ दिवसांची नोटीस पुरते. जुन्या भाड्याची जागा कंपनीच्या नावावर असेल तर भांडवल वाढवायच्या आधी सीएइतकंच वकिलालाही विचारा.

ताईंचं काय झालं? त्यांना म्हटलं, भांडायला कागद कच्चा आहे, पण मालकालाही कोर्ट नको आहे आणि त्याचा तोंडी करारही कायद्यात बसत नाही. वकिलाकडून साधं पत्र गेलं. त्यांनी सहा महिने मागितले, चार मिळाले, आणि डिपॉझिट पूर्ण परत. दिवाळीचा सीझन त्याच दुकानात निघाला. नवी जागा मागच्याच गल्लीत आहे, ३६ महिन्यांचा रजिस्टर करार, लॉक-इन दोघांनाही. कपाटं तीच आहेत, यावेळी स्क्रूने बसवलीत.