झीज काय सांगते? डिझेल इंजिन खोलताना

विहिरीवरचे डिझेल इंजिन सकाळी सुरू होता होत नाही. हँडल मारून दोघांचे हात भरून येतात. एकदा सुरू झाले की मात्र ते दुपारपर्यंत विनातक्रार चालते. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, ऑइल पूर्वीपेक्षा लवकर संपते. विजेच्या मोटारी आणि सौर पंप आले, तरी असे इंजिन अजून अनेक गावांत आहे, आणि त्याचे हे दुखणेही ओळखीचे आहे. मग मिस्त्रीला बोलावले जाते, इंजिन खोलले जाते, जुन्या रिंगा काढून नव्या बसवल्या जातात. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू होते. पण पुष्कळदा वर्ष उलटण्याआधीच तो निळा धूर परत येतो.

असे का होते? भाग बदलला, पण तो झिजण्याचे कारण जागच्या जागी राहिले, म्हणून. इंजिन सुटे करणे म्हणजे नुसते नट-बोल्ट सोडवणे नव्हे, तर तो एक तपास असतो. झिजलेल्या प्रत्येक भागावर झीज कशी झाली याची नोंद असते. ती वाचता आली तर पैसा आणि पाण्याची पाळी दोन्ही वाचतात. दुर्दैवाने ही नोंद रॉकेलने भिजलेल्या एका फडक्याने कायमची पुसली जाते. ती वाचायची कशी, आणि शाळेत शिकवलेले विज्ञान तिथे कसे उपयोगी पडते, ते या लेखात पाहू.

ठिणगीशिवाय पेटणारे इंधन

पेट्रोल इंजिनात इंधन पेटवायला ठिणगी लागते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, सिलिंडरमधली हवा इतकी दाबतो की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे या तत्त्वावरचे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णतेचे त्याने कामात रूपांतर केले होते.

आपल्याकडील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत किर्लोस्करचे 'टीव्ही-१' हे एक सिलिंडरचे इंजिन असते. शेतावरच्या इंजिनाचेच हे भावंड. त्याचे आकडे घेऊन हिशेब करू. सिलिंडरचा व्यास ८७.५ मि.मी., पिस्टनची धाव ११० मि.मी. म्हणजे पिस्टन खाली येताना सुमारे ६६१ घन सें.मी. हवा आत येते. संपीडन गुणोत्तर १७.५ आहे. याचा अर्थ पिस्टन वर पोचतो तेव्हा एकूण ७०० घन सें.मी. हवा फक्त ४० घन सें.मी. जागेत, म्हणजे आठ चमचे पाणी मावेल एवढ्या पोकळीत कोंबली जाते.

उष्णता बाहेर जाऊ न देता हवा दाबली, तर तिचे केल्व्हिनमधील तापमान संपीडन गुणोत्तराच्या ०.४ या घाताइतक्या पटीने वाढते. १७.५ चा ०.४ घात सुमारे ३.१४ येतो. (इथे पायचा संबंध नाही, तो निव्वळ योगायोग!) ३०० केल्व्हिनची, म्हणजे २७ अंश सेल्सिअसची हवा या हिशेबाने ९४० केल्व्हिनच्या, म्हणजे ६७० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचते. प्रत्यक्षात काही उष्णता सिलिंडरच्या भिंतीत जाते, म्हणून तापमान याहून कमी असते. तरी डिझेल पेटायला लागणाऱ्या सुमारे २५० अंशांपेक्षा ते पुष्कळच जास्त असते.

आता सकाळच्या त्या हट्टाचा उलगडा होतो. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असताना पिस्टनला खालून वर जायला एक पन्नासांश सेकंद लागतो. हँडलने फिरवताना मिनिटाला १५० फेरे मिळाले, तर त्याच प्रवासाला दसपट वेळ लागतो. गळती असेल तर हवेला निसटायला आणि थंड भिंतींना उष्णता ओढून घ्यायला दसपट सवड मिळते. हवा पुरेशी तापतच नाही. एकदा इंजिनाने वेग घेतला की गळती तेवढीच असूनही तिला वेळ मिळत नाही. 'सुरू होत नाही, पण चालते चांगले' या तक्रारीचा अर्थ बहुधा 'कुठेतरी हवा गळते आहे' असा असतो.

पाना हाती घेण्यापूर्वी

गळती कुठे आहे हे इंजिन न खोलताच बरेचसे कळू शकते. डिझेल बंद करून, डीकम्प्रेशन लिव्हर खाली पाडून फ्लायव्हील सावकाश फिरवावे. हँडल जड लागले की तिथेच धरून ठेवावे आणि कान द्यावा. दाबलेल्या हवेला बाहेर पडायला चार वाटा आहेत. हवा आत येण्याच्या पाइपातून 'सूंऽ' असा आवाज आला, तर आत हवा घेणारी झडप, म्हणजे इनलेट व्हॉल्व्ह, नीट बसत नाही. सायलेन्सरकडून आला, तर धूर बाहेर सोडणारी झडप. ऑइल भरण्याच्या तोंडातून आला, तर हवा पिस्टनच्या रिंगांवरून खाली जाते आहे. आणि गार करणाऱ्या पाण्यात बुडबुडे आले, तर हेड गॅस्केट फुटले आहे किंवा हेडला तडा आहे.

रिंगांचा संशय असेल तर आणखी एक साधी परीक्षा आहे. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून इंजिन हाताने फिरवावे. ऑइल रिंगांभोवतीची फट काही वेळ बुजवते. दाब वाढला तर दोष रिंगांचा किंवा लायनरचा. काहीच फरक पडला नाही तर झडपांचा. ऑइल चमचाभरच का? वर राहणारी पोकळी ४० घन सें.मी. एवढीच आहे आणि द्रव दाबला जात नाही. जास्त ऑइल घातले तर कनेक्टिंग रॉड वाकेल.

धुराचा रंगही पाहून ठेवावा. काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा कमी किंवा फवारा खराब. निळा म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ किंवा पाण्याची वाफ.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. नोझलचा फवारा पाहताना हात पुढे धरू नये. तो दर चौरस सें.मी.ला सुमारे २०० किलोग्रॅम इतक्या दाबाने सुटतो आणि कातडीतून सरळ आत शिरतो. वरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, पण आत गंभीर इजा होते. अशी इजा झाल्यास तासाभराचीही वाट न पाहता रुग्णालयात जावे.

क्रमाने सुटे करणे

पहिले काम पाणी आणि ऑइल काढण्याचे. ऑइल मातीवर सोडू नये, स्वच्छ पत्र्यात घ्यावे. कारण तोही पुरावा आहे. दूध घातलेल्या चहासारखा रंग म्हणजे त्यात पाणी मिसळले आहे. तळाशी चमकणारे कण दिसले तर त्यातून लोहचुंबक फिरवावा. चिकटणारे कण लोखंडाचे, म्हणजे बहुधा रिंगांचे किंवा लायनरचे. न चिकटणारे कण बेअरिंगचे किंवा अॅल्युमिनियमच्या पिस्टनचे. हे करताना हातमोजे घालावेत, कारण वापरलेले ऑइल कातडीला अपायकारक असते.

मग डिझेलचा पाइप आणि नोझल. ते सोडवताच उघड्या तोंडांवर स्वच्छ प्लास्टिक बांधावे. फ्युएल पंपातील दांडा आणि त्याचे घर यांच्यातली फट काही मायक्रॉनची असते. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. डोळ्याला न दिसणारी धूळही तिथे ओरखडे पाडते. या पंपाच्या कामाचा नेमकेपणा पाहा. पूर्ण भारावर हे इंजिन एका वेळी साधारण ३५ घन मि.मी. डिझेल घेते, म्हणजे पाण्याच्या एका थेंबापेक्षाही कमी, आणि तेही मिनिटाला ७५० वेळा.

हेडचे नट इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच, समोरासमोरचे जोडीने, थोडे थोडे ढिले करावेत. एकच नट पूर्ण सोडला तर सगळा ताण एका कोपऱ्यावर येऊन हेड वाकण्याचा धोका असतो. हेड उलटे ठेवून झडपांच्या वाटेत रॉकेल ओतले की गळकी झडप लगेच उघडी पडते. झडपच दोषी असेल आणि खाली सारे ठीक असेल, तर ती घासून बसवली की काम झाले. पिस्टन काढण्याचे कारणच उरत नाही.

पिस्टन काढायचाच झाला तर बाजूचे झाकण उघडून कनेक्टिंग रॉडची टोपी सोडवावी लागते. त्याआधी रॉड आणि टोपी या दोन्हींवर एकाच बाजूला खूण करावी. हे दोन तुकडे एकत्र धरूनच त्यांचे भोक पाडलेले असते, म्हणून टोपी उलटी बसली तर भोक गोल राहत नाही. काढलेले भाग गोणपाटावर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडावेत. आणि अजून काहीही धुवू नये.

कंगोऱ्याची भाषा

पिस्टन ज्यात खालीवर होतो त्या नळीला लायनर म्हणतात. त्यात वरच्या टोकाजवळ बोट फिरवले तर झिजलेल्या लायनरमध्ये एक कंगोरा लागतो. वरची रिंग जिथपर्यंत पोचते तिथपर्यंत धातू झिजतो, त्याच्यावर मूळचा तसाच राहतो. त्या दोहोंमधली ही पायरी. खालच्या टोकाला झीज अगदी कमी असते. वरच इतकी का?

रिंग आणि लायनर यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो. हा थर टिकतो तो वेगामुळे. वेगाने सरकणारी रिंग ऑइलवर तरंगते. पण वरच्या टोकाला पिस्टन क्षणभर थांबून उलटा फिरतो. तिथे वेग शून्य, थर तुटलेला, आणि नेमका त्याच सुमारास स्फोट! दाब ६० वातावरणांइतका गेला तर पिस्टनवर साडेतीन टनांचा भार येतो. हाच दाब रिंगेच्या मागे शिरून तिला लायनरवर रेटतो. सगळ्या प्रतिकूल गोष्टी एकाच जागी एकत्र येतात.

कंगोरा न काढता पिस्टन वर ओढला तर रिंगा तुटतात. कंगोरा तसाच ठेवून नव्या, कोऱ्या कडांच्या रिंगा बसवल्या तर त्या त्यावर आपटतात.

ही झीज मोजायला महागडे उपकरण हवेच असे नाही. रिंगच मापाचे काम करते. रिंग एका ठिकाणी कापलेली असते. ती लायनरच्या खालच्या, न झिजलेल्या भागात पिस्टनने ढकलून सरळ बसवावी आणि कापातील फट फीलर गेजने मोजावी. मग तीच रिंग वर, कंगोऱ्याच्या लगेच खाली बसवून पुन्हा मोजावे. समजा फट खाली ०.५० मि.मी. आणि वर १.४४ मि.मी. भरली. परीघ ०.९४ मि.मी.ने वाढला. त्याला ३.१४ ने भागले की व्यासातली वाढ मिळते: ०.३० मि.मी. सातवीत शिकलेले वर्तुळाच्या परिघाचे सूत्र इथे झीज तिपटीने मोठी करून दाखवते.

कारण शोधणे

आता पुरावे जुळवायचे. रिंगा खाचांत काजळीने चिकटून बसल्या असतील आणि लायनर शाबूत असेल, तर दोष झिजेचा नाही. खराब ऑइल किंवा ठिबकणारे नोझल शोधावे. पिस्टनवर वर एका बाजूला आणि खाली नेमक्या विरुद्ध बाजूला घासल्याची चकाकी असेल, तर कनेक्टिंग रॉड वाकलेला आहे. नवा पिस्टनही तसाच घासेल. आणि लायनरला वर मोठा कंगोरा, उभे बारीक ओरखडे, आणि हवेच्या पाइपात आतून बोटाला लागणारी माती असे तिन्ही आढळले, तर गुन्हेगार आहे एअर क्लीनर.

हे शेवटचे कारण फार वेळा दुर्लक्षिले जाते. मिनिटाला ७५० वेळा सुमारे ६६१ घन सें.मी. हवा ओढणारे इंजिन तासाला पंचवीस ते तीस घनमीटर हवा घेते. आठ तासांत दोनशे घनमीटरच्या वर, म्हणजे आपल्या शाळेतला एक मोठा वर्ग भरेल एवढी! शेतातल्या धुळीत गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात, आणि ते लायनरच्या बिडापेक्षा कठीण असतात. एअर क्लीनरच्या वाटीत दोन बोटे ऑइल नसेल किंवा त्याचा चिखल झाला असेल, तर इंजिन रोज पॉलिश पेपर गिळत असते. अशा इंजिनात नव्या रिंगा घालणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे. वाटी धुऊन नवे ऑइल भरायचा खर्च नव्या लायनर-पिस्टनच्या मानाने अगदी क्षुल्लक आहे.

वर्गात करता येण्याजोगे

जवळच्या गॅरेजमधून टाकून दिलेला लायनर आणि रिंग मिळवा. वरचे माप विद्यार्थ्यांना घेऊ द्या. वेगवेगळ्या उंचीवर पाच-सहा मापे घेऊन आलेख काढला की झीज कुठे वाढते ते स्वच्छ दिसेल.

दुसरा प्रयोग सायकलच्या पंपाचा. टायरमध्ये भराभर तीस वेळा हवा मारा आणि पंपाचे खालचे टोक चाचपा. ते तापते, पण घर्षणाने की हवा दाबल्याने? पंप थंड होऊ द्या, नळी मोकळी सोडून तितक्याच वेगाने तीस वेळा दांडा मारा आणि पुन्हा त्याच जागी हात लावा. दोन्ही वेळच्या तापण्यातला फरक मुख्यतः हवा दाबल्याचा आहे.

तिसरी सूचना वरच्या वर्गांसाठी. गावात कुणाचे इंजिन खोलले जाणार असेल तर मिस्त्रींची परवानगी घेऊन चार-पाच विद्यार्थ्यांना वही घेऊन बसवा. वहीत तीन रकाने असावेत: काय दिसले, त्यावरून काय वाटते, आणि ते पडताळायचे कसे. आयटीआयमध्ये 'मेकॅनिक डिझेल' हा अभ्यासक्रम आहे. तिकडे जाऊ पाहणाऱ्या मुलांना या वहीचा उपयोग होईलच. मिस्त्रींना एकच विनंती आधी करून ठेवा: रॉकेलचा डबा शेवटी उघडा.