शुश्रूषा : सेवा आणि शास्त्र

‘शुश्रूषा’ हा शब्द लिहिताना पुष्कळांची लेखणी अडखळते. संस्कृतच्या तासाला त्याची व्युत्पत्ती कळली आणि तो माझ्या कायमचा लक्षात राहिला. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे. ऐकण्याची इच्छा ती शुश्रूषा. गुरूचे ऐकायला उत्सुक असणे, त्यावरून गुरूची सेवा, आणि पुढे रोग्याची सेवा, असा या शब्दाचा प्रवास झाला. आजाऱ्याची काळजी घेणाऱ्याने आधी ऐकले पाहिजे, हे भाषेने किती आधी सांगून ठेवले आहे!

माझी थोरली बहीण मिरजेत परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. तिने हा मार्ग निवडला तेव्हा आमच्या नात्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, “एवढे मार्क पडून नर्सच व्हायचं?” या प्रश्नामागे एक समजूत दडलेली आहे. निदान व उपचार हे बुद्धीचे काम आणि बाकीचे सारे हातापायांचे, असे आपण धरून चालतो. ताईच्या वह्या सुटीत चाळल्यावर आणि तिच्याशी तासन्‌तास बोलल्यावर ही समजूत किती उथळ आहे हे मला कळले. ते माझ्या मित्रमैत्रिणींना व गुरुजनांना सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या भागाला या विद्येची मोठी परंपरा आहे. 1889 साली भारतात आलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभे केले आणि 1897 मध्ये तेथे वैद्यकीय शिक्षणाचीही सोय झाली. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी आजही त्यांचे नाव सांगते. 1962 साली मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. मिरजेला ‘वैद्यकीय पंढरी’ म्हणतात ते उगीच नाही. सातारा जिल्ह्यातील नायगावात 1831 साली जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांना आपण शिक्षिका म्हणून वंदन करतो. पण 1897 च्या प्लेगात पुण्याजवळ रोग्यांची शुश्रूषा करतानाच त्यांना त्या रोगाने गाठले आणि 10 मार्च रोजी त्यांचा अंत झाला, हे आपण क्वचितच आठवतो.

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. म्हणजे परिचारक हा खाटेचा एक पायच. तो मोडला तर उरलेल्या तिघांचा काय उपयोग? या परिचारकाचे चार गुणही तेथे दिले आहेत : उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता. ताईच्या आजच्या अभ्यासक्रमाची प्रकरणे या चार गुणांखाली अगदी सहज मांडता येतात.

प्रथम शुचिता. 1847 साली व्हिएन्नातील डॉ. सेमेलवाइस यांनी प्रसूतिकक्षात जाणाऱ्या डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. त्या काळी त्यांचे कोणी फारसे ऐकले नाही. आज मात्र परिचर्येचा पहिला धडा तोच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याच्या पाच वेळा सांगितल्या आहेत : रोग्याला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक काम करण्यापूर्वी, रक्त वा स्राव यांच्याशी संबंध आल्यावर, रोग्याला स्पर्श केल्यावर आणि त्याच्या भोवतालच्या वस्तूंना हात लावल्यावर. साबणाने धुवायचे तर 40 ते 60 सेकंद, आणि बोटांची टोके, अंगठा व बोटांमधल्या बेचक्या चुकवायच्या नाहीत. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचे नाही. ती थेट न टोचणाऱ्या जाड डब्यात टाकायची. ही शुचिता जितकी रोग्यासाठी तितकीच परिचारिकेच्या स्वतःच्या जिवासाठी. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला दोनशे वर्षे होत असल्याने 2020 हे परिचारिकांचे आणि सुइणींचे वर्ष म्हणून जाहीर झाले होते, आणि त्याच वर्षी कोरोनाच्या साथीने त्यांची कसोटी पाहिली!

दुसरा गुण ज्ञानाचा. नाडी पाहणे हे साधे काम वाटते. पण ती अंगठ्याने का पाहायची नाही? कारण अंगठ्याची स्वतःची ठोक जाणवते आणि मोजणाऱ्याची फसगत होते. श्वास मोजताना रोग्याला सांगायचे नाही. सांगितले की त्याचे लक्ष श्वासाकडे जाते आणि गती बदलते. म्हणून नाडी मोजून झाल्यावर बोटे मनगटावर तशीच ठेवून छातीची हालचाल मोजायची. मोठ्या माणसाची नाडी विश्रांतीच्या वेळी मिनिटाला 60 ते 100 आणि श्वास 12 ते 20 असतात, हे पाठ करणे सोपे आहे. अवघड आहे ते आकड्यांची चाल ओळखणे. सकाळी 80 असलेली नाडी दुपारी 96 आणि संध्याकाळी 118 झाली, श्वासही वाढत गेला, तर रोगी “बरं आहे” म्हणत असला तरी काही तरी बिघडते आहे. डॉक्टर दिवसातून एकदोनदा येऊन जातात. खाटेशी चोवीस तास असते ती परिचारिका. धोक्याची पहिली चाहूल लागायची ती तिलाच.

तिसरा गुण दक्षता. औषध देताना पाच गोष्टी जुळल्या पाहिजेत, असे ताईंच्या वर्गात पहिल्याच वर्षी घोकून घेतात : योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. यातील ‘योग्य रोगी’ ऐकून मला हसू आले होते. आपल्यासमोरचा रोगी कोण हेही कळू नये का? ताईने मग एका रुग्णालयातील प्रसंग सांगितला. एकाच वॉर्डात शिंदे आडनावाच्या दोन वृद्धा होत्या. एक शिकाऊ मुलगी इंजेक्शन घेऊन गेली आणि तिने विचारले, “तुम्ही शिंदेबाई ना?” त्या “हो” म्हणाल्या. मागे उभ्या असलेल्या सिस्टरनी तिचा हात थांबवला आणि म्हणाल्या, “आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा बरं.” नाव वेगळे निघाले. तेव्हापासून ताई कधीही रोग्याला नाव सुचवत नाही. त्याच्याच तोंडून वदवून घेते आणि केसपेपरच्या क्रमांकाशी ताडून पाहते. कमी ऐकू येणारा, ग्लानीतला किंवा घाबरलेला माणूस कशालाही “हो” म्हणतो.

ही दक्षता केवळ वॉर्डापुरती नाही. गेल्या वर्षी आमच्या आजीचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर ती घरी आली ती अंथरुणाला खिळूनच. पाठीला व्रण झाला तर तो तिच्या जिवावर बेतेल, ही धास्ती सगळ्यांच्या मनात होती. ताईने आम्हाला कारण समजावून सांगितले : हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तेथला रक्तपुरवठा तुटतो आणि मांस मरू लागते. माकडहाड, टाचा, खुबे, कोपरे, डोक्याचा मागचा भाग ही धोक्याची ठिकाणे. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. बदलताना ओढायचे नाही, तर खालच्या चादरीसकट दोघांनी उचलायचे, कारण घासल्याने कातडी सोलवटते. पोटरीखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवायच्या. कातडी लाल दिसली तर बोटाने दाबून पाहायची. दाबूनही लाली जात नसेल तर ती धोक्याची सूचना. अशा जागी पूर्वी चोळत असत. आता ते निषिद्ध मानतात, कारण आधीच दुखावलेले मांस चोळण्याने अधिक दुखावते. आईने भिंतीवर तक्ता लावला आणि कूस बदलल्याची प्रत्येक वेळ त्यावर लिहिली. रात्रीच्या पाळ्या आम्ही वाटून घेतल्या. दोन महिन्यांनी आजी काठीच्या आधाराने उभी राहिली, आणि तिच्या पाठीवर एकही व्रण नव्हता.

तक्त्याचे हे लिहिणेही परिचर्येचाच भाग आहे. ‘जे लिहिले नाही ते केलेच नाही’ असे परिचारिकांना शिकवतात. पाळी बदलताना येणाऱ्या व्यक्तीला तोंडी व लेखी सगळे कळले नाही, तर एकच औषध दोनदा दिले जाते किंवा मुळीच दिले जात नाही.

चौथा गुण अनुराग, आणि येथे आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचा संबंध येतो. अनुराग म्हणजे नुसते गोड बोलणे नव्हे. आडपडदा केल्याशिवाय अंग पुसायचे नाही, काय करणार ते आधी सांगायचे, आणि रोग्याचे शब्द नीट ऐकायचे. आपल्या मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत पाहा! कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, सल राहतो, आग होते, मुंग्या येतात, कोंडल्यासारखे होते. माण-खटावकडची म्हातारी “जीव घाबरा होतोय” म्हणाली, तर ती भित्री आहे असे समजायचे, की तिची नाडी आणि रक्तदाब ताबडतोब पाहायचा? ताई म्हणते, हे सारे शब्द ‘दुखते’ एवढ्या एकाच शब्दात कोंबून लिहिले, तर डॉक्टरांपर्यंत अर्धा रोग पोचतच नाही.

मित्रहो, आपल्यापैकी बहुतेक जण परिचारिका होणार नाहीत. पण आपल्या रुग्णालयांत खाटेशेजारी नातेवाईक बसतोच, आणि कधी ना कधी ती पाळी आपल्यावर येणार आहे. त्या वेळी एवढे जरूर करावे : लवकर संपावी म्हणून सलाईनची गती आपल्या हाताने वाढवू नये. लघवीची पिशवी खाटेवर उचलून ठेवू नये. ती मूत्राशयाच्या पातळीखालीच, पण जमिनीला न टेकता असावी. झोपेच्या गुंगीतल्या माणसाला पाणीसुद्धा पाजू नये. पूर्ण जागे करून, उठते बसवून, मग घोट घोट द्यावे. आणि औषध देण्याआधी सिस्टर आपल्या माणसाचे नाव तिसऱ्यांदा विचारू लागल्या तर त्रासून जाऊ नये. त्या तिसऱ्यांदा विचारतात म्हणूनच आपले माणूस सुखरूप घरी येते.

‘नर्सच व्हायचं?’ असे विचारणारे ते गृहस्थ आजीला भेटायला आले होते. भिंतीवरचा तक्ता त्यांनी बराच वेळ वाचला. जाताना त्यांनी ताईची पुढची परीक्षा केव्हा आहे, याची चौकशी केली.