हीटर घेताना आधी सॉकेट पाहा

थंडी पडली की निफाडचा पारा बातम्यांत येतो, आणि त्याच सुमारास विजेच्या सामानाच्या दुकानांत हीटर दर्शनी भागात मांडले जातात. तिकडच्याच एका वाचक भगिनींनी विचारलं आहे : ‘घरात वयस्कर सासूबाई आहेत. रॉडचा हीटर घ्यावा, ब्लोअर घ्यावा की ऑइलचा? कमी वीज कोणता खातो?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण जाहिरातींचा सगळा गोंधळ तिथेच आहे. २००० वॉटचा कुठलाही हीटर तासाला २ युनिट वीज घेतो आणि तेवढीच उष्णता देतो. दोनशे रुपये जास्त मोजले म्हणून ती वाढत नाही की कमी होत नाही. रोज चार तास लावला तर महिन्याला २४० युनिट, आणि तेवढ्याने बिल वरच्या स्लॅबमध्ये जाऊ शकतं. भिंतीच्या प्लगमध्येच बसणारा ४०० वॉटचा चिमुकला हीटर ‘अख्खी खोली गरम करतो’ असं कोणी सांगितलं तर एवढंच आठवा, की निवांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. चार पाहुणे गप्पांना बसले की तेवढी ऊब फुकटात मिळते. खरा अपवाद एकच, गरम हवा देणारा एसी. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उपसून आत आणतो, म्हणून एका युनिटमागे अडीच-तीन युनिटांची उष्णता देऊ शकतो. ही कल्पना विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, १८५२ सालीच मांडली होती!

मग निवडायचं कशावरून? ऊब कुठे हवी त्यावरून. रॉडचा हीटर हवेपेक्षा समोरच्या माणसाला तापवतो. एका जागी बसून वाचणाऱ्याला तो बरा. ब्लोअर लहान, बंद खोली पटकन गरम करतो, पण बंद केला की ऊबही लगेच जाते. ऑइलचा हीटर सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. त्यातलं तेल जळत नाही, ते बदलावंही लागत नाही. त्याचा पृष्ठभाग रॉडसारखा लालबुंद होत नाही, त्यामुळे सासूबाईंच्या खोलीसाठी मी तोच सुचवेन. मात्र त्यावर ओले कपडे वाळत घालू नका. कुठलाही हीटर अंथरूण-पडद्यांपासून हातभर नव्हे, चांगला तीन फूट लांब हवा. आयएसआयची खूण हवी, आणि कलंडल्यावर आपोआप बंद होण्याची सोयही.

रॉड आणि ब्लोअरच्या पोटात बहुधा एकच तार असते, नायक्रोमची. तिच्याबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. तार तापवणं सोपं होतं, तापलेली तार टिकवणं अवघड. लोखंडाची तार लाल झाली की गंजते, पापुद्रे गळतात, एका जागी ती बारीक होते, तीच जागा जास्त तापते आणि तिथेच तुटते. प्लॅटिनम टिकतं, पण परवडणार कोणाला? शिकागोच्या अल्बर्ट मार्शने निकेलमध्ये क्रोमियम मिसळलं आणि १९०६ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. ही तार तापली की तिच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर धरतो. तो गळत नाही, तारेला चिकटून राहतो आणि आत ऑक्सिजन जाऊ देत नाही. ज्या गंजाने लोखंड मरतं, त्याच प्रकारच्या थराने ही तार जगते. टोस्टर, इस्त्री, हेअर ड्रायर, सगळीकडे हीच करामत. एडिसनचं नाव शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मार्शचं नाव मी एकाही पाठ्यपुस्तकात पाहिलेलं नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता धोक्याकडे. आगीचं कारण अनेकदा हीटरमध्ये नसून सॉकेटमध्ये असतं. सॅलफर्डच्या एका बिअर कारखानदाराचा मुलगा जेम्स जूल याने विशीत असताना पाण्यात तारेचं वेटोळं बुडवून, थर्मामीटर लावून दाखवलं, की उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. हा नियम तुमच्या भिंतीत काय करतो बघा. ढिल्या सॉकेटमध्ये पिनेला अर्धा ओहम रोध आला असं समजा. पंखा साधारण ०.३ अँपिअर घेतो. तिथे वॉटचा विसावा भागही उष्णता होत नाही. त्याच जागी २००० वॉटचा हीटर लावला की साडेआठ अँपिअर वाहतात आणि त्या टिचभर जागेत सुमारे ३६ वॉट उष्णता साठू लागते. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंग इस्त्री २५ वॉटची असते आणि ती शिसं वितळवते!

एवढं होऊनही एमसीबी पडत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. म्हणून हीटर ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा साध्या एक्स्टेंशन बोर्डावर कधीही लावू नका. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, जाड तार आणि चांगलं अर्थिंग हवं.

हीटर ऑक्सिजन खातो असं समजून काही जण खोलीत पाण्याचं भांडं ठेवतात. विजेचा हीटर ऑक्सिजन खात नाही. भांड्याने झाला तर कोरडेपणा थोडा कमी होतो, इतकंच. ऑक्सिजन खाते ती कोळशाची शेगडी, आणि ती कार्बन मोनॉक्साइडही सोडते. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट धरून ठेवतं. खिडक्या लावून शेगडी पेटवलेल्या खोलीत कोणीही झोपू नये, एका रात्रीपुरतंही नाही.

आणि ताईंना एक विनंती : हीटर घरी आणलात की अर्धा तास चालवा, बटण बंद करा आणि प्लगच्या प्लॅस्टिकला हाताची मागची बाजू लावून पाहा. कोमट असेल तर हरकत नाही. चटका बसला, किंवा सॉकेट पिवळं-काळं पडलेलं दिसलं, तर वायरमन येऊन ते बदलेपर्यंत हीटर लावू नका.