‘नाहीं’ आणि ‘सांपडत नाहीं’

आमच्या गोंदिया जिल्ह्यांत धानाचा सौदा करणारा व्यापारी गाडीभर पोतीं दुरून पाहून भाव सांगत नाहीं. तो एका पोत्यांतून मूठभर धान काढतो, तळहातावर चोळतो, दाणा निरखून पाहतो आणि मगच बोलतो. मूठभर धानाची ही परीक्षा ज्यानें लहानपणापासून पाहिली आहे, त्यास संगणकशास्त्रांतील एक अवघड वाटणारी गोष्ट समजून घेण्यास फारसे कष्ट पडणार नाहींत, असें आम्हांस वाटतें. ती गोष्ट ही कीं, प्रोग्रॅमच्या बांधणीचें साधन नवें केल्यानंतर त्यास कंपायलर सांपडेनासा कां होतो, आणि अशा वेळीं विद्यार्थ्यानें काय करावें.

हा विषय आम्हांस एका प्रसंगामुळें सुचला. आमच्या शाळेंतील कांहीं विद्यार्थ्यांनी विज्ञान-प्रदर्शनासाठीं पर्जन्यमापकावरील रोजच्या नोंदींची बेरीज करून महिन्यामहिन्याचा पाऊस दाखविणारा एक प्रोग्रॅम सी भाषेंत लिहिला होता. दिवाळीची सुट्टी संपली, प्रदर्शनास आठ दिवस उरले, आणि नववीच्या एका विद्यार्थ्यानें आमच्या अनुमतीनें ‘सीमेक’ या बांधणीच्या साधनाची नवी आवृत्ती बसविली. त्यानंतर आज्ञा देतांच काम अडलें. सांगितलेल्या जागीं कंपायलर नाहीं, असा संदेश पडद्यावर उमटला. सोबत्यांनीं तत्काळ निकाल दिला, “यानेंच बिघडवलें!” मुलगा कांहींच बोलला नाहीं. सायंकाळीं त्याचे वडील त्यास न्यावयास आले. मुलाचा उतरलेला चेहरा पाहून ते आम्हांस म्हणाले, “गुरुजी, पोरानं कांहीं मोडलं असन तं सांगा, भरून देऊं.” त्या प्रश्नाचें खरें उत्तर देण्यासाठीं आम्हांस दुसरा सबंध दिवस लागला. तें उत्तर सर्व पालकांच्याही उपयोगी पडेल, म्हणून येथें विस्तारानें देत आहों.

प्रथम कंपायलर म्हणजे काय तें पाहूं. मनुष्य ज्या भाषेंत प्रोग्रॅम लिहितो ती यंत्रास कळत नाहीं. यंत्रास केवळ त्याच्या स्वतःच्या सांकेतिक आज्ञा कळतात. एका भाषेंतून दुसऱ्या भाषेंत उतरविण्याचें हें काम करणाऱ्या प्रोग्रॅमला कंपायलर अथवा संकलक म्हणतात. ग्रेस हॉपर या अमेरिकन विदुषीनें १९५२ सालीं या दिशेनें पहिलें पाऊल टाकलें. १९५७ सालीं आय.बी.एम. कंपनींतील जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनी फोरट्रान भाषेचा कंपायलर लोकांच्या हातीं दिला. १९८७ सालीं रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी हा कंपायलर सर्वांना मोफत व मोकळा करून दिला. आपल्या महाराष्ट्रांत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत या जीसीसीच्या अभ्यासासाठीं स्वतंत्र केंद्र स्थापन होऊन तेथें कार्यशाळाही भरविण्यांत आल्या, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां बांधणीचें साधन. मोठा प्रोग्रॅम एका फाइलींत मावत नाहीं. त्याच्या शेंकडों फाइली असतात. त्यांपैकी कोणती बदलली आणि कोणती पुन्हां कंपायलरकडे द्यावयाची, हें मनुष्यानें दरवेळीं लक्षांत ठेवणें अशक्य. यासाठीं बेल प्रयोगशाळेंत स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ सालीं ‘मेक’ नांवाचें साधन रचलें. पुढें इसवी सन २००० मध्यें अमेरिकेंतील किटवेअर या कंपनीनें सीमेक तयार केलें. निरनिराळ्या प्रकारच्या संगणकांवर एकच प्रोग्रॅम बांधतां यावा, हा त्याचा हेतु. सीमेक स्वतः भाषांतर करीत नाहीं. इमारतीच्या कामावरील मुकादम जसा स्वतः भिंत रचीत नाहीं, पण गवंडी कोण व तो कोठें आहे हें पाहून त्यास काम नेमून देतो, तसें हें साधन कंपायलरला शोधून काम नेमून देतें. मुकादम नवा आणला म्हणून त्याच्याबरोबर गवंडी आपोआप येत नाहीं. सीमेक बसविलें म्हणजे कंपायलर बसला, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे.

हा शोध कसा चालतो तें पाहण्यासारखें आहे. कंपायलर अमुकच घ्यावा असें आपण स्पष्ट सांगितलें असेल, तर साधन तेंच प्रमाण मानतें. तसें नसल्यास तें ‘सीसी’ नांवाच्या परिस्थितिदर्शक चलांत कांहीं लिहिलें आहे काय हें पाहतें. सी-प्लस-प्लस भाषेसाठीं या चलाचें नांव ‘सीएक्सएक्स’ असें आहे. तेंही रिकामें असल्यास सीसी, जीसीसी, क्लँग अशीं परिचित नांवें घेऊन ‘पाथ’ या चलांत लिहिलेल्या फोल्डरांतून त्यांचा शोध करतें.

नांव सांपडलें एवढ्यावर तें विश्वास ठेवीत नाहीं. येथें आपल्या व्यापाऱ्याची मूठ येते. साधन आपल्याजवळील एक लहानसा प्रोग्रॅम त्या कंपायलरच्या हातीं देतें आणि भाषांतर करवून घेतें. त्या प्रोग्रॅमची रचना अशी असते कीं, ज्या कंपायलरनें तो तयार केला त्याची ओळख तयार झालेल्या फाइलींतच अक्षररूपानें उमटते. साधन ती फाइल चालवीतही नाहीं. आंतील अक्षरें वाचून हा जीसीसी कीं क्लँग, आणि त्याची आवृत्ति कोणती, हें ठरवितें. नंतर आणखी एक नमुना देऊन यंत्राचीं मापें जाणून घेतें. या परीक्षेंत उतरलेला कंपायलरच कामावर घेतला जातो.

दरवेळीं ही परीक्षा घेण्यांत वेळ दवडूं नये म्हणून साधन निकाल लिहून ठेवतें. ‘सीमेककॅश’ नांवाच्या फाइलींत कंपायलरचा पत्ता नोंदलेला असतो. कंपायलरची सविस्तर ओळख मात्र दुसऱ्या एका फोल्डरांत असते, आणि त्या फोल्डरास सीमेकच्या आवृत्तीचा आंकडा नांव म्हणून दिलेला असतो. वाचकांनीं या बारीक गोष्टीकडे लक्ष द्यावें, कारण सर्व घोटाळ्याचें मूळ बहुधा येथें असतें. आवृत्ति बदलली कीं नव्या आंकड्याचें फोल्डर रिकामें असतें. म्हणून साधन कंपायलरची परीक्षा नव्यानें घ्यावयास निघतें. परंतु जावयाचें कोठें, हें तें कॅशमधील जुन्या पत्त्यावरून ठरवितें! ज्या घरीं तें जातें, त्या घरचा मनुष्य मध्यंतरीं दुसरीकडे राहावयास गेला असेल, तर तें दारावरूनच परत येतें आणि सांगतें कीं, येथें कोणी नाहीं.

आमच्या शाळेंत हेंच घडलें होतें. संदेश नीट वाचला तेव्हां त्यांत कंपायलरच्या जुन्या आवृत्तीचा पत्ता दिसला. तो कंपायलर कोणी काढला? दिवाळीच्या सुट्टींत संगणकाची साफसफाई करतांना आम्हीच तो काढून त्याच्या जागीं नवा बसविला होता. सुट्टींत कोणीही प्रोग्रॅम बांधला नाहीं, म्हणून दोष झांकून राहिला. त्या मुलानें नवें साधन बसविलें नसतें, तरी पहिली फाइल बदलतांच काम अडलेंच असतें. जें सर्वांच्या शेवटीं घडलें तेंच कारण, असें मानण्याची मनुष्याची संवय किती अन्यायाची असते, हें त्या दिवशीं आम्हांस कळलें. आम्ही वर्गासमोर आपली चूक सांगितली आणि त्याच मुलाकडून ती दुरुस्त करविली.

तथापि नवी आवृत्ति सदैव निर्दोषच ठरते असेंही नाहीं. कधीं कधीं बदल खरोखर तिच्यांतच असतो. २०१४ सालीं सीमेकच्या ३.० आवृत्तींत ॲपल कंपनीच्या क्लँग कंपायलरला ‘ॲपलक्लँग’ असें निराळें ओळखनांव मिळालें. ज्या प्रकल्पांत ‘नांव क्लँगच असेल तर असें करावें’ अशी नेमकी अट लिहिली होती, तेथें कंपायलर तोच असूनही अट जुळेना. जुन्या प्रकल्पांस जुनेंच नांव सांगण्याची सवलत कांहीं वर्षें ठेवण्यांत आली होती. २०२५ सालच्या ४.० आवृत्तींत ती काढून टाकली गेली. याच आवृत्तीनें ३.५ पूर्वीच्या नियमांवर विसंबलेल्या प्रकल्पांना आधार देणेंही थांबविलें. गोंदियाहून बालाघाट-जबलपूरकडे जाणारी लहान गाडी आपल्या वडीलधाऱ्यांस आठवत असेल. त्या रुळांमधील अंतर २ फूट ६ इंच होतें. मार्ग ५ फूट ६ इंचांचा झाला, तेव्हां जुने डबे मोडके नव्हते, परंतु नव्या मापास जुळत नव्हते. जुना प्रकल्प नव्या आवृत्तींत अडतो, तेव्हां पुष्कळदां असाच मापाचा प्रश्न असतो. तेथें कंपायलरला दोष देऊन उपयोग नाहीं.

आतां शोधाचा क्रम सांगतों. प्रथम संदेश शेवटच्या ओळीपासून न वाचतां पहिल्या चुकीपासून वाचावा. पहिली चूक पुढच्या दहा चुकांची जननी असते. दुसरें, कंपायलरला स्वतः हांक मारून पाहावी, म्हणजे त्याची आवृत्ति विचारावी. त्यानें उत्तर दिलें तर तो यंत्रांत आहे, केवळ साधनास सांपडत नाहीं, हें निश्चित झालें. उत्तर न आल्यास तो बसविलेला आहे कीं नाहीं हें पाहावें, आणि असल्यास ‘पाथ’ तपासावा. विंडोज संगणकावर पाथ बदलल्यानंतर आज्ञांची जुनी खिडकी बंद करून नवी उघडावी. जुन्या खिडकीस नवा पाथ ठाऊक नसतो. तिसरें, ‘सीसी’ या चलांत कोणी जुनें नांव तर ठेवलें नाहीं ना, हें पाहावें. चौथें, बांधणीचें फोल्डर रिकामें करून प्रारंभ नव्यानें करावा. २०२२ सालच्या ३.२४ आवृत्तीपासून ‘फ्रेश’ या पर्यायानें हेंच काम होतें. मात्र आपण लिहिलेला मूळ प्रोग्रॅम निराळ्या फोल्डरांत आहे याची खात्री केल्यावांचून कांहींही पुसूं नये. घाईनें पुसलेली मेहनत परत येत नाहीं. इतकें करूनही काम अडलें, तर साधनानें लिहिलेली परीक्षेची हकीकत वाचावी. २०२३ सालच्या ३.२६ आवृत्तीपासून ती ‘सीमेक-कॉन्फिगर-लॉग’ या फाइलींत असते, आणि कंपायलरनें काय उत्तर दिलें तें तींत जसेंच्या तसें लिहिलेलें असतें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्यास गुण कोणत्या औषधानें आला हें कळत नाहीं.

‘नाहीं’ आणि ‘सांपडत नाहीं’ यांतील अंतर ओळखणें, हें या सर्व विवेचनाचें सार होय. कोणी ‘नाहीं’ म्हटलें, म्हणजे त्यानें काय शोधलें, कोठें शोधलें आणि कोणत्या जुन्या नोंदीवर विसंबून शोधलें, हे तीन प्रश्न विचारावे. ते यंत्रास विचारावयाचे तसेच माणसांसही विचारावयाचे आहेत. विशेषतः एखाद्या मुलावर ठपका ठेवण्यापूर्वीं.

प्रदर्शनाच्या दिवशीं पावसाचा तो प्रोग्रॅम चालला. ते वडीलही आले होते. आम्ही त्यांस म्हणालों, “आपल्या मुलानें कांहीं मोडलें नव्हतें, मोडलें होतें तें आम्ही, आणि जोडलें त्यानें.” ते हंसले, आणि श्रावणांत आपल्या गांवीं किती पाऊस झाला होता तें पाहावयास पडद्याजवळ सरकले.